परण्याच्या गाडीचे स्पीकर

विठ्ठलराव जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक जिंकले, तेव्हा मिरवणुकीला उघडी गाडी पाहिजे म्हणून त्यांनी चांगली छपराची काँटेसा एका गॅरेजात नेऊन कापून आणली. वर मंडपवाल्याकडून लोखंडी नळ्यांवर ताडपत्रीचा टप शिवून घेतला, मागं दुमडता येईल असा. बीड जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात तेव्हा तशी गाडी दुसरी नव्हती. अजूनही नव्हती, पण आता तिचा हेवा करणारंही कुणी उरलं नव्हतं.

छप्पर कापलं की गाडीचा कणा जातो, हे कापणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. मागं तीन-चार माणसं बसली की गाडी मधोमध खचायची आणि पुढची दोन्ही दारं चौकटीत गच्च आवळून बसायची. माणसं उतरेपर्यंत ती उघडत नसत. मागच्यांना त्याचं काही वाटायचं नाही. ते टपावरून उड्या टाकून उतरायचे, नाचायचे, पुन्हा चढायचे. स्टेअरिंगमागं बसलेल्या संजयला मात्र ती सोय नव्हती. चालती गाडी सोडून डायव्हर कुठं उडी टाकणार? मिरवणूक गावाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईपर्यंत तो आतच असायचा. त्याच्या सीटमागं प्लायवूडच्या खोक्यात दोन दांडगे स्पीकर असायचे. लग्नं, वाढदिवस, निवडणुका, जयंत्या, सगळी गाणी आधी त्याच्या मानेवर आदळायची आणि मग गावात जायची.

संजयचे वडील सर्जेराव विठ्ठलरावांच्या वाड्यावर नव्हे, मळ्यावर सालगडी होते. पोराला गाडी चालवता येते म्हटल्यावर त्यांनीच त्याला मालकांपुढं उभं केलं. "कोयत्यापेक्षा हँडल बरं," एवढंच ते म्हणाले होते. त्यात खोटं काही नव्हतं. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जायची. संजयच्या घराला कधी कुलूप लागलं नाही. मळ्याच्या कडेला मालकांनी दिलेल्या दोन खोल्यांत तो, बायको ज्योत्स्ना आणि आई भामाबाई राहत होते. सर्जेराव वारल्यावरही खोल्या तशाच राहिल्या.

मागल्या वर्षी त्यानं एकदा काम सोडायचा विषय काढला होता. विठ्ठलराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी भामाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं, आणि मालकीणबाईंनी, बायनाबाईंनी, तिला लुगडं धाडलं. संजयनं मग तो विषय पुन्हा काढला नाही. सोडून जायला निदान भांडण तरी लागतं.

आता मात्र गोष्ट पुढं गेली होती. पुण्यातल्या एका बस कंपनीत त्याची चालक म्हणून निवड झाली होती. गाडी चालवायची परीक्षा त्यानं दिली, पास झाला. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी, ती बीडला, येत्या सोमवारी. डोळे, रक्तदाब, साखर, आणि कान.

कानाचं पहिल्यांदा ज्योत्स्नाच्या लक्षात आलं होतं. ती डावीकडून बोलली की तो ओ द्यायचा नाही.

"मी काय भिताडाशी बोलते का?" ती म्हणाली होती.

"ऐकू आलं न्हाई."

"भांडताना बरं यीतं."

"भांडताना तू उजवीकडं आसतीस."

मिरवणूक झाली की त्याच्या डाव्या कानात शिट्टी वाजायची. कुकरची शिट्टी लांबून यावी तशी, पण न थांबणारी. चार-पाच दिवसांत ती विरायची आणि कान पुष्कळसा मोकळा व्हायचा. म्हणजे सोमवारी तपासणी असेल तर त्याच्या आधी चार-पाच दिवस गोंगाट नको, एवढाच हिशोब होता. आणि रविवारी विठ्ठलरावांच्या अमरसिंहाचं लग्न होतं. नवरी, तेजश्री, धर्मापुरीची होती, पण लग्न नवऱ्याच्या दारात ठरलं होतं. म्हणजे दुपारी लग्नाआधी नवरदेवाचा परण्या निघणार, वाजत गाजत मारुतीला जाणार, आणि तो काँटेसातनंच जाणार, यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं.

त्या आठवड्यात नशिबानं एक दार किलकिलं केलं. विठ्ठलरावांनी गाडी धुऊन टेप लावून पाहिला, तर स्पीकरमधून गाण्याऐवजी फाटक्या पत्र्याचा आवाज आला. संजयनं खोकं उघडलं. आवाज देणाऱ्या कागदी कोनाभोवतीची फोमची कड उन्हानं भुगा होऊन खाली पडली होती, कोनाचा कागद दोन ठिकाणी चिरला होता आणि आत बोटभर धूळ होती. उघड्या गाडीतला स्पीकर म्हणजे उघड्यावर टाकलेलं धान्य. ऊन, पाणी, धुरळा, जो येईल तो खाऊन जातो.

"मेले का?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"मेले, मालक."

"लग्नात आधीच लई खर्च झालाय बाबा. बीडला जा, पाच हजाराच्या आत बसवून आण. पर आवाज पाहिजे."

संजय मान हलवून निघाला. शिरूर मागं पडेपर्यंत त्याच्या डोक्यात काही नव्हतं. मग एकदम आलं. स्पीकर बदलायचेच आहेत तर ते त्याच जागी कशाला?

बीडला बार्शी नाक्याजवळ शिवशंकरचं गाडीच्या टेपांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गाळा आणि समोरचं झाड. काम झाडाखाली चालायचं. शिवशंकरनं जुने स्पीकर उलटेपालटे करून पाहिले आणि बाजूला ठेवले.

"कोन भरून देतो. स्वस्तात होईल."

"टिकतील का?"

"कागद हाय. तुझी गाडी उघडी. दोन उन्हाळे काढले तर माझं नशीब."

"नवे?"

"नवे चांगले घेतले तर तुझ्या मालकाचे पाच हजार एकाच स्पीकरला जात्यात." शिवशंकरनं आतून एक जोडी आणली. "हे बघ. भंगारात आलेल्या व्हॅनचे हायेत. कोन प्लॅस्टिकचा, कड रबराची. ऊन-पाणी खात न्हाईत. साइज ल्हान हाय, ढबढब कमी वाजंल, पर गाणं स्वच्छ. संगं दोन ल्हाने भोंगे देतो. बसतंय बजेटात."

संजयनं स्पीकर हातात घेतले, कोनावर बोट दाबून पाहिलं, कड कुठं सुटली आहे का पाहिलं. मग म्हणाला, "पुढं बसव. बंपरवर. धुक्याचे दिवे व्हते ना, त्या जागी. तोंड पुढं."

शिवशंकरनं पान्हा खाली ठेवला. "पुढं? परण्याच्या गाडीचे स्पीकर कुणी पुढं लावतंय का? नवरदेव मागं बसतो. त्याच्या बुडाखाली हादरा बसला पाहिजे, तवा पोरं नाचत्यात."

"पोरं गाडीच्या पुढं नाचत्यात. मागं न्हाई."

"आन् डायव्हरला काय ऐकू यील?"

"डायव्हरला काय करायचंय ऐकून?"

"लग्नाच्या गाडीवर हाईस आन् गाण्याचा कट्टाळा," शिवशंकर हसला. "हलवाई गोड खात न्हाई म्हणत्यात ते खरं हाय."

पण त्यानं काम नीट केलं. लोखंडी पट्टीच्या दोन कड्या वाकवून बंपरला बोल्ट मारले, स्पीकरवर जाळी बसवली, वायर बॉनेटच्या कडेनं आत आणून जुन्या अँप्लिफायरला जोडली. सीटमागचं प्लायवूडचं खोकं काढून झाडाखाली ठेवलं, ते संजयनं परत घेतलं नाही. गाणं लावून तो गाडीत बसला. आवाज समोरच्या पानटपरीवरच्या माणसांना मान वळवायला लावत होता, आणि स्टेअरिंगमागं तो शेजारच्या घरातनं यावा तसा मवाळ येत होता. संजय बराच वेळ तसाच बसून राहिला. शिवशंकरला वाटलं, काही बिघडलं.

विठ्ठलरावांना काम पसंत पडलं. पैसे उरले म्हणून जास्त पसंत पडलं. "पुढं कावून रे लावलं?" असं त्यांनी एकदा विचारलं. "मारुतीला आधी ऐकू जाईल, मालक," असं संजय म्हणाला, तेव्हा ते मोठ्यानं हसले आणि जो येईल त्याला ते सांगू लागले.

सोमवारची सुट्टी तेवढी मागायची राहिली होती. सोमवारी पाहुणे पोचवायचे होते आणि संध्याकाळी नवरानवरीची गावातून वरात होती. शुक्रवारी मागू म्हणता शनिवार गेला. ज्योत्स्ना म्हणाली, "आता काय लग्न लागताना अंतरपाटाआडून मागणार का?"

रविवारी गाव भरलेलं होतं. ऊसतोडीची माणसं परतून महिना झाला होता, सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे होते आणि ऊन नुसतं ओतत होतं. काँटेसाला झेंडूच्या माळा घातल्या. टप मागं दुमडून त्यावर गालिचा टाकला. नवरदेव त्यावर उंच बसणार होता. फेट्यातला अमरसिंह बाहेर आला, संजयला म्हणाला, "संजूभाऊ, सावकाश घ्या हां, तलवार संभाळू का फेटा तेच कळंना झालंय."

तेवढ्यात उत्तरेश्वर छोटा हत्ती घेऊन आला. तो अमरसिंहाचा कॉलेजपासूनचा मित्र. टेम्पोतून त्यानं आणि चौघा पोरांनी कमरेइतकं उंच काळं खोकं उतरवलं. डीजेवाल्याकडचा स्पीकर, वर वेगळा अँप्लिफायर.

"काल गाडी वाजवून बघितली मी," उत्तरेश्वर म्हणाला. "पुढं लई भारी वाजतंय, पर मागं नवरदेवाला घंटा काय ऐकू येत न्हाई. म्हणलं, आपल्याकडनं भेट."

पोरांनी खोकं उचललं आणि संजयच्या सीटमागं, जिथं जुनं प्लायवूडचं खोकं होतं नेमक्या त्या मोकळ्या जागेत, उभं केलं. ती जागा त्यानंच रिकामी करून दिली होती.

संजय विठ्ठलरावांकडं गेला. ते पाहुण्यांत उभे होते.

"मालक, बॅटरी जुनी हाय. एवढं मोठं मशीन वढायची न्हाई."

"चार पावलांचा तर परण्या हाय."

"गाडी गरम हुईल. वजन बी लई हुतंय मागं."

"संज्या," विठ्ठलराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोराच्या दोस्तानं हौसेनं आणलंय. आज नगं म्हणायचा दिस हाय का?"

एकच कारण राहिलं होतं, आणि ते सांगायचं तर त्याच्यामागून पुणं, बस कंपनी, सोमवार, सगळंच सांगावं लागलं असतं, पाहुण्यांच्या देखत, परण्या दारात उभा असताना. संजय म्हणाला, "न्हाई मालक," आणि गाडीकडं गेला. त्या 'न्हाई'चा अर्थ विठ्ठलरावांनी बरोबर लावला.

ज्योत्स्नानं सकाळी दिलेला कापूस खिशात होता. गाडीत बसताना त्यानं दोन्ही कानांत बोळे घातले. नवरदेव चढला, त्याच्या दोन्ही बाजूंना दोघं चढले, खोक्याला धरून उत्तरेश्वर चढला. गाडी खचली. दार चौकटीत आवळल्याचा कट्ट असा ओळखीचा आवाज आला.

पहिल्या गाण्याला संजयच्या पाठीवर कुणी गोणी आपटावी तसं झालं. सीटची स्प्रिंग थरथरत होती. आरसा इतका हलत होता की त्यात मागचं काही दिसेना, नुसते फेट्यांचे रंग. कापूस होता म्हणून तो तगून होता. मारुतीचं देऊळ गावाच्या दुसऱ्या अंगाला. गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू चालली होती. पोरं पुढं नाचत, थांबत, पुन्हा नाचत.

पाराजवळ उत्तरेश्वर पुढं वाकला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि संजय वळेना. मग त्याला बोळे दिसले.

"आयला, कानात बोळं? आमच्या अमरच्या परण्याला?" त्यानं दोन्ही बोळे चिमटीत धरून उपसले आणि सगळ्यांना दिसतील असे वर धरले. "बघा रे. आपला डायव्हर म्हातारा झाला." पोरं हसली. अमरसिंहही हसला, पण त्याला काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं. बोळे झेंडूच्या पाकळ्यांसारखे गर्दीत गेले.

आता मध्ये काही नव्हतं. आवाज डाव्या कानातून आत शिरून दाढांपर्यंत जात होता. संजयनं डावा खांदा वर करून कान झाकायचा प्रयत्न केला, पण स्टेअरिंगला दोन्ही हात लागत. दार उघडणार नव्हतं. उघडलं असतं तरी पुढं-मागं, दोन्ही बाजूंना माणूस चिकटून चाललं होतं. आणि त्या घराण्यात एक रीत होती: परण्या निघाला की मारुती येईपर्यंत वाहन थांबवायचं नाही आणि मागं तर घ्यायचंच नाही. पूर्वी बैलगाडीलाही तोच नियम होता. चाक थांबलं की संसार अडतो म्हणायचे. गाणी थांबवायला सांगणं म्हणजे त्याहून वाईट.

उद्या सकाळी याच कानात कुणीतरी बारीकसा आवाज सोडणार होतं आणि विचारणार होतं, ऐकू आला का.

समोरच्या काट्याकडं त्याचं लक्ष गेलं. चार्जिंगचा काटा डाव्या बाजूला कललेला होता. एवढ्या हळू चालीला इंजिन बॅटरीत जेवढं भरत होतं त्याहून जास्त ते खोकं ओढत होतं. तो मालकांना खोटं बोलला नव्हता. बॅटरी खरंच तग धरणार नव्हती. फक्त देऊळ येईपर्यंत तिनं कदाचित धरला असता.

संजयनं हात खाली नेला आणि मोठे दिवे लावले. भर दुपारी ते कुणाला दिसणार नव्हते. मग ब्लोअर चालू केला. मग वायपर लावावा असं त्याच्या मनात आलं, पण त्यावर माळा होत्या. त्यानं पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि गाडीला तिच्या तिच्या मरगळीनं चालू दिलं. आपण काय करतोय हे त्याला चांगलं कळत होतं. ज्या घरानं आईचा डोळा करून आणला त्या घरच्या परण्याची गाडी तो आपल्या हातानं मारत होता.

आधी गाणं जड झालं. मग ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला आवाज तुटू लागला. उत्तरेश्वरनं खोक्यावर दोन थपडा मारल्या. तिसऱ्या थपडेला सगळंच गेलं, पुढचे भोंगेसुद्धा. नंतर दोन-चार हात पुढं जाऊन इंजिननं आचका दिला आणि गाडी थबकली.

थबकली असं म्हणेपर्यंत कुणीतरी ओरडलं, "चाक थांबू देऊ नगा," आणि वीस-पंचवीस हात गाडीला लागले. हलगीवाले इतका वेळ मागं रिकामे चालत होते, ते धावत पुढं आले. म्हाताऱ्या माणसांना तेच बरं वाटलं. गाडी ढकलत, हलगीच्या ठेक्यात, पोरं मारुतीकडं निघाली. परण्या असा झाला की पुढं कैक दिवस गावात त्याचंच नाव. संजय आत बसून नुसतं स्टेअरिंग धरून होता. हलगी वाजताना दिसत होती. डाव्या बाजूला तिचा आवाज नव्हता. तिथं शिट्टी होती, आणि ती इतक्या वर गेली होती जितकी कधी गेली नव्हती.

देवळाशी माणसं उतरली, दार सुटलं. विठ्ठलराव डाव्या खिडकीशी येऊन काही बोलत होते. संजयनं तोंड वळवून उजवा कान पुढं केला.

"लई ताण दिला आपण गाडीला," ते म्हणत होते. "तू सांगत व्हतास, मीच ऐकलं न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं बीडला जा, नवी बॅटरी आण. पाहुणे मळ्यावरचा नाथा पोचवील ट्रॅक्टर-बिक्टर काय आसंल त्यानं. सांजंला वरात हाय."

जी सुट्टी मागायला त्याला तोंड फुटलं नव्हतं, ती अशी आपणहून हातात आली. संजयला त्याचा आनंद झाला नाही.

सोमवारी सकाळी तो पहिल्या बसनं बीडला गेला, दुकान उघडायची वाट पाहून बॅटरी घेतली, बंद डब्याची, पाणी न लागणारी, आणि ती पिशवीत घालून दवाखान्यात नेली. डोळे झाले. रक्तदाब थोडा जास्त निघाला. डॉक्टर म्हणाले, बसा जरा, शांत व्हा, पुन्हा बघू. पुन्हा पाहिला तेव्हा ठीक होता. मग कान.

कान तपासायची खोली म्हणजे मोठ्या कपाटाएवढी होती. आत एक खुर्ची, भिंतींना जाड फोम, समोर काचेची लहान खिडकी. काचेपलीकडं तपासणाऱ्या बाईंचं यंत्र होतं. त्यांनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. "बारीक आवाज येईल. कितीही बारीक आला तरी दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं." मग जाड दार लागलं.

उजव्या कानाला त्यानं पटापट बटण दाबलं. मग बाईंनी बोटानं डाव्या कानाची खूण केली.

त्या खोलीत बाहेरचं काहीच येत नव्हतं, त्यामुळं शिट्टी एकटीच उरली. ती सगळ्या खोलीत भरून राहिली. तो ज्या आवाजाची वाट पाहत होता तोही शिट्टीसारखाच असणार होता, बारीक, सरळ, लांबून येणारा. कोणता आपला आणि कोणता यंत्राचा? त्यानं बटण दाबलं. बाई मान हलवत नव्हत्या. पुन्हा दाबलं. मग बराच वेळ दाबलं नाही. काचेपलीकडं त्यांनी काहीतरी लिहिलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि दाराला आतून कडी आहे का हेही त्याला दिसत नव्हतं.

दार उघडलं तेव्हा बाईंनी आधी विचारलं, "काल-परवा कुठं मोठ्या आवाजात होतात का?"

"परण्या व्हता," संजय म्हणाला. "गाडी चालवीत व्हतो. मागंच स्पीकर."

"मग आज कशाला आलात? अशा कानाचा आज रिपोर्ट दिला तर तुम्ही नापास आहात."

"आणि न्हाई दिला तर?"

"आठ दिवसांनी या. सुजलेला कान थोडा उतरतो. किती उतरेल ते मी सांगू शकत नाही. पण मध्ये पुन्हा गोंगाटात गेलात तर येऊच नका." त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

दाखला आणायला बस कंपनीनं पंधरा दिवसांची मुदत दिली होती, त्यातले सहा दिवस गेले होते. म्हणजे आठ दिवस होते. आणि आजची वरात होती, तेच खोकं, तीच गाडी, आणि त्यात घालायची बॅटरी त्याच्याच पिशवीत होती.

स्टँडवर येऊन त्यानं ज्योत्स्नाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. दिव्यांचंही सांगितलं.

"बॅटरी लावायला नाथाला येती का?" तिनं विचारलं.

"दोन बोल्ट तर हायेत."

"मग बॅटरी धाडा. तुमी कशाला संगं येताव? बॅटरीला काय सोबत लागती व्हय?"

"आन् तुमी दोघी?"

"आमाला कोण खातंय? बोलतील. आमचे कान धड हायेत, ऐकून घिऊ."

शिरूरची बस फलाटाला लागली होती. कंडक्टरनं पिशवीत डोकावून आधी कुरकुर केली, ॲसिड सांडलं तर माझ्या पगारातून जाईल म्हणाला. मग बंद डबा आहे हे पाहून ती डायव्हरच्या पाठीमागं पायाशी ठेवली. शिरूरच्या स्टँडवर नाथा म्हणून माणूस येईल, असं संजयनं सांगितलं. बस निघाली. फलाटावर तो एकटा मोकळ्या हातानं उभा राहिला. हात मोकळे असले की माणूस हलका होतो म्हणतात. त्याला तसं काही जाणवलं नाही.

नाथाला फोन केल्यावर पाचेक मिनिटांत विठ्ठलरावांचा आला. संजयनं तो उजव्या कानाला लावला आणि या वेळी काही लपवलं नाही. कान, पुणं, तपासणी, आठ दिवस. फक्त दिव्यांचं तेवढं पोटात ठेवलं.

विठ्ठलराव शांतपणे ऐकत होते. मागं मांडव सोडल्याचा खडखडाट येत होता.

"आसं हाय व्हय," ते म्हणाले. "मग येड्या, आधी सांगायचं न्हाई का? त्या दवाखान्यात आपली माणसं हायेत. आत्ता फोन लावतो. सर्टिफिकेट घरी यील. तू बस धर आन् ये. वरात झाली की खुशाल जा पुण्याला, मीच सोडायला यीन."

त्यांच्या आवाजात खोट नव्हती. ते खरंच फोन लावणार होते, आणि सर्टिफिकेट खरंच घरी येणार होतं. मग बहिऱ्या कानानं तो पुण्याच्या रस्त्यावर भरलेली बस चालवणार होता, मालकांच्या शब्दावर, आणि त्या शब्दाची परतफेड कधी मागितली जाणार नव्हती, म्हणून कधी फिटणारही नव्हती.

"न्हाई मालक," संजय म्हणाला. "आठ दिसांनी मीच दीतो तपासणी. पास झालो तर झालो."

पलीकडं कुणीतरी खुर्च्या मोजत होतं.

"आन् न्हाई झालास तर?"

"तर यीन. तुमी ठिवलं तर ऱ्हाईन."

"बरं," विठ्ठलराव म्हणाले. मग म्हणाले, "भामाबाईला मी सांगतो मग." आणि फोन बंद झाला.

म्हातारीला काळजी लागू नये म्हणून सांगतो, की खोल्या रिकाम्या करायचं सांगतो, हे त्या आवाजावरून कळत नव्हतं. संजयनं ते वाक्य मनात दोन-तीनदा फिरवून पाहिलं. दोन्ही बाजूंनी ते सारखंच वाजत होतं. त्यानं ज्योत्स्नाला पुन्हा फोन केला आणि आईपाशी जाऊन बस म्हणाला. "मी तितंच हाय," ती म्हणाली.

लिंबागणेशला त्याचे मामा राहायचे. घर गावाबाहेर, शेतात, आसपास कुणी नाही. आठ दिवस तिथं काढता येण्यासारखे होते. नाक्यावर तिकडं जाणारी जीप भरत होती. तो मागच्या बाकावर जाऊन बसला. डायव्हरनं चावी फिरवली आणि सीटखालून फाटक्या पत्र्यासारखं गाणं मोठ्यानं सुरू झालं.

"दादा, जरा बारीक करता का?" संजय म्हणाला.

"बटण तुटलंय," डायव्हर म्हणाला. "लावलं की एवढंच वाजतंय."

"बंद करा मग."

"बंद केलं तर पाशिंजर बसत न्हाईत, भाऊ."

शेजारच्या बाईनं पाय आखडून घेतले. संजय तिला ओलांडून खाली उतरला, आणि कानावर तळवा धरून पुढच्या गाडीची वाट पाहत कडेला उभा राहिला.